आईबाबांची लँडलाइन फायबरवर न्यायची आहे. नंबर आणि साधा फोन राहील का?

मेघना (इंदिरानगर)
नमस्कार मंडळी. आईबाबा पंचवटीत राहतात, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. घरचा 0253 चा नंबर मी शाळेत होते तेव्हापासूनचा. गावाकडची भावकी, बाबांचे जुने सहकारी, सगळे त्याच नंबरवर फोन करतात. सिंहस्थासाठी रस्ते खोदायला घेतल्यापासून लाइन सारखी बंद पडते, चालू असली तरी खरखर. कंपनीचा माणूस म्हणतो, तांब्याच्या केबलचं आता काही होणार नाही, फायबर घ्या. शेजारचे म्हणतात जिओ नाहीतर एअरटेल घ्या, नेटसोबत फोन मिळतोच. अमेरिकेतला भाऊ तिकडून इंटरनेटवर चालणारी फोनची डबी पाठवतो म्हणतोय.

बाबांना मोबाइलवर नीट ऐकू येत नाही, स्क्रीनवर बोट सरकवून फोन घेणंही जमत नाही. त्यांना रिसीव्हरच लागतो. खाली एक फोन आहे, वर आईच्या खोलीत एक. बाबांना हृदयाचा त्रास आहे, म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी लाइट गेल्यावर काय, याची आहे. कोणी असा बदल केलाय का?

रोहित (कॉलेज रोड)
आमच्याकडे जिओफायबर आहे. राउटरच्या मागे फोनचं पोर्ट असतं, त्यात साधा फोन लावला की झालं. नंबर मात्र नवा मिळतो. आवाज एकदम स्वच्छ.

जॉइंटरकाका (नाशिकरोड)
मेघनाताई, मी टेलिफोनमध्ये जॉइंटर होतो, म्हणजे केबलचे जोड करणारा. रस्त्यावरच्या केबलच्या पेट्या आणि भिजलेल्या पेअर (तारांच्या जोड्या) यातच नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नंबरचं बघा. कंपनी बदलून नंबर तोच ठेवायची सोय आपल्याकडे फक्त मोबाइलला आहे, 2011 पासून. लँडलाइनला नाही. दुसऱ्या कंपनीकडे गेलात तर सुरुवातीला 0253 असेल, पण पुढचे आकडे नवे. म्हणून पहिल्यांदा आत्ताच्याच कंपनीला विचारा, तांब्यावरून फायबरवर जाताना हाच नंबर राहील का. हो म्हणाले तर अर्जावर तो नंबर लिहून घ्या आणि पोच घ्या. तोंडी आश्वासनावर जुनी लाइन सरेंडर करू नका. वयस्कर माणसांच्या ओळखीपाळखी त्या नंबरवर असतात. महिन्याला थोडे पैसे जास्त गेले तरी मी तो नंबर सोडणार नाही.

आता लाइटचं. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून 48 व्होल्ट येतात, म्हणून सगळी पेठ अंधारात असली तरी फोन वाजायचा. फायबर म्हणजे काच, त्यातून वीज येत नाही. घरातला ओएनटी, म्हणजे फायबर ज्या डब्यात येते तो, बंद पडला की फोनही गेला. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घ्याच. बहुतेक ओएनटी 12 व्होल्टवर चालतात, तरी ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर काय छापलंय ते बघून घ्या. राउटर वेगळा असेल तर फोनची वायर कोणत्या डब्यात जाते ते बघा, त्या डब्याला बॅकअप हवा.

पण एवढ्याने भागत नाही. गल्लीत कंपनीची जी पेटी असते तिला बॅकअप नसेल तर तुमचा यूपीएस नुसता दिवे लावून बसेल. एजंटला विचारून उपयोग नाही. त्याच गल्लीत ज्यांच्याकडे ते फायबर आहे आणि घरी इन्व्हर्टर आहे, त्यांना विचारा: लाइट गेल्यावर नेट चालू राहतं का? मी असतो तर कंपनी याच उत्तरावर निवडली असती. एमबीपीएस किती, याच्याशी आईबाबांना काय करायचंय? बोलण्याला फार थोडा स्पीड लागतो. आणि काहीही घेतलंत तरी बटणांचा एक साधा मोबाइल चार्ज करून बाबांच्या उशाशी ठेवा, त्यात 108 आणि तुमचा नंबर टाकून.

भावाची डबी नको. तिच्यावर अमेरिकेचा नंबर असतो. पंचवटीतल्या शेजाऱ्याने आईंना फोन लावला तरी तो आयएसडी होईल.

मेघना (इंदिरानगर)
काका, खूप आभार. पेटीचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. समोरच्या जोशीकाकूंकडे फायबर आणि इन्व्हर्टर दोन्ही आहे, उद्याच विचारते. वरच्या खोलीतला फोन कसा जोडायचा? जुनी वायरिंग भिंतीतून गेलीय.

जॉइंटरकाका (नाशिकरोड)
तीच वायरिंग वापरता येते. मात्र आधी बाहेरून येणारी तांब्याची पेअर रोझेटमधून (भिंतीवरच्या फोनच्या छोट्या डबीतून) सोडवायला लावा. ती तशीच ठेवून ओएनटीचं फोनचं पोर्ट घरच्या वायरिंगला जोडलं तर बाहेरच्या लाइनचा करंट ओएनटीत शिरून पोर्ट जळू शकतं. फायबर टाकणारी मुलं घाईत असतात, तुम्ही समोर उभ्या राहा. दोन साधे फोन सहसा चालतात. नाहीच वाजले तर कॉर्डलेसची जोडी घ्या, पण तिच्या बेसलाही लाइट लागते, म्हणून खाली बाबांजवळ वायरचाच फोन असू द्या.

फोन फार जुना असेल तर उलटा करून बघा, टोन-पल्सचं बटण असतं. ते टोनवर ठेवा, कारण काही ओएनटींना पल्स कळत नाही. लाइनमन जायच्या आत वरून-खालून एकेक फोन लावून बघा, आणि ओएनटीचा विजेचा प्लग भिंतीतून काढून, यूपीएसवर टाकून, परत फोन लावून बघा.