टार्गेट ड्रायव्हर : लक्ष्य, धक्का की टार्गेटच?

रत्नांग्रीकर : रत्नागिरीतल्या एका लॅबसाठी स्टोरेज सर्व्हरची मराठी हातपुस्तिका होते आहे. 'टार्गेट ड्रायव्हर'चं 'लक्ष्य चालक' केलं, तर तपासणाऱ्याचा शेरा आला, "हा नेमबाज की डंपरवाला?" इथे टार्गेट म्हणजे डिस्क देणारी बाजू, मागणारी ती इनिशिएटर. काय लिहावं?

मालवणी माणूस : धक्को लिवा. होडी धक्क्याक लागता, धक्को होडीकडे जाणा नाय.

शब्दशोधक : 'सर्व्हरला धक्का दिला' वाचून पोरं प्लग काढतील! लक्ष्य हे 'लक्ष्' धातूपासून. ज्याकडे रोख आहे ते. इनिशिएटरचा रोख टार्गेटकडेच असतो ना?

कन्सोलवाला : नाम राहू द्या, क्रियापद बघा. 'टार्गेटची नोंद करा' असं लिहिलं असेल तर ते खोडा. कॉन्फिगएफएस म्हणजे कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) वस्तू फोल्डरांच्या रूपात दाखवणारी फाइलव्यवस्था. तिच्यात एमकेडीर (फोल्डर बनवायची आज्ञा) केलं की कर्नलमध्ये वस्तूच तयार होते. एलआयओ (कर्नलमधली टार्गेटची यंत्रणा) लिनक्स २.६.३८ मध्ये, २०११ साली आलं, ते याच पद्धतीने चालतं. कोअरखाली आयब्लॉक_० आणि त्यात डिस्कचं फोल्डर बनवा, कंट्रोल फाइलीत यूडेव्ह_पाथ (खऱ्या डिस्कचा मार्ग) लिहा, एनेबलमध्ये १. मग आयएससीएसआयखाली (नेटवर्कवरून डिस्क देण्याची पद्धत) आयक्यूएन (टार्गेटचं नाव), टीपीजीटी_१ (पोर्टलांचा गट), लन_० (डिस्कचा क्रमांक), आणि लन_० मधून डिस्ककडे सिमलिंक (नुसता दुवा). एनपीमध्ये पोर्टल, म्हणजे नेटवर्कचा पत्ता आणि पोर्ट ३२६०. शेवटी टीपीजीटीच्या एनेबलमध्ये १.

सिसएफएस-समर्थक : सगळं तुम्हीच बनवता असं नाही हं. टीपीजीटी_१ केलं की लन, एनपी, एसीएल (कुणाला प्रवेश ते) ही फोल्डरं कर्नल स्वतःच तयार करून देतो. मग सिसएफएस काय वाईट? एससीएसटी ही दुसरी टार्गेट यंत्रणा तेच वापरते.

कन्सोलवाला : सिसएफएसमध्ये वस्तू कर्नलच्या, आपण फक्त बघायचं नि किंमत बदलायची. म्हणून एससीएसटीला एमजीएमटी फाइल लागते. 'ॲड_टार्गेट' अशी आज्ञा तिच्यात मजकूर म्हणून लिहायची. काम लांबलं तर लिहिणं ईअगेन ('पुन्हा बघा' अशी चूक) देऊन परततं, मग निकाल वेगळ्या फाइलीतून वाचा. आयओसीटीएलला (प्रोग्रॅममधून कर्नलला थेट हाक) तर वेगळा प्रोग्रॅमच हवा; शेलमधून थेट हात लागत नाही.

शब्दशोधक : मग एमकेडीरला 'घडवा' म्हणा. आणि फोल्डर काढणाऱ्या आरएमडीरला?

कन्सोलवाला : 'मोडा'. 'पुसा' नको, कारण पुसा म्हटलं की लोक आरएम -आरएफ (आतल्या सगळ्यासकट पुसायची आज्ञा) मारतात. आतल्या फाइली कर्नलच्या, त्या पुसल्या जातच नाहीत; नुसत्या चुकांच्या ओळी पडतात. आधी सिमलिंक काढा, मग लन, पोर्टल, टीपीजीटी, आयक्यूएन, सर्वांत शेवटी डिस्क. सिमलिंक राहिला तर डिस्क मोडताना कर्नल 'बिझी' म्हणतो नि हलत नाही.

सिसएफएस-समर्थक : आणि लाइट गेली की? हे सगळं मेमरीत. पावसात महावितरणच्या भरवशावर लॅब चालवणार असाल तर टार्गेटसीएलआयचं (एलआयओ हाताळायचं साधन) सेव्हकॉन्फिग विसरू नका; सगळं ईटीसी-टार्गेटमधल्या जेसन फाइलीत उतरतं. ती बूटच्या वेळी परत चढवणारी सेवाही चालू आहे ना, ते बघा.

मालवणी माणूस : 'उतरता', 'चढयतत'... बगा, भाषा धक्क्याचीच असा!

शब्दशोधक : जिन्यालाही तीच क्रियापदं लागतात. आणि 'सेव्ह'ला 'जतन' हा चांगला शब्द असताना सेव्हकॉन्फिग कशाला?

कन्सोलवाला : कारण कमांडच तशी आहे. 'जतन' टाइप करून बघा.