बरं वाटल्यावर लिथियम बंद करावं का?
धाकट्याला आता बरं वाटतंय तर लिथियम, म्हणजे बायपोलरचं (कधी उदासी, कधी अती तेजी येणाऱ्या आजाराचं) औषध, बंद करू का विचारलायस, तर भावा स्वतःच्या मनानं अजिबात नको. आमच्या मामानं हेच केलेलं. थोड्याच दिवसात गडी रात्री दोनला रंकाळा तलावावर फेऱ्या मारतोय, झोप नाही तरी दमायचं नाव नाही, गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, उधारीवर सोनं ठरवून आला आणि आम्ही म्हणतोय काय उत्साह हाय! त्याआधी उदास होता तेव्हा नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या दिलेल्या, तेजीचं कुणी विचारलंच नाही, बायपोलरमधे नुसत्या त्या गोळ्यांनी मॅनिया, म्हणजे ही अती तेजी, उसळू शकतो.

लिथियम जुनंच, मॅनियावर १९४९ पासून माहितीय. पण रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवावी लागते, फार वर गेली की विषबाधा, म्हणून रक्त तपासायचं, थायरॉईड आणि किडनीपण. जुलाब, उन्हातला घाम, मीठ एकदम तोडणं, गुडघेदुखीसाठी घेतलेली आयबुप्रोफेन, यानं पातळी चढते. (मामी पथ्य म्हणून जेवण अळणी करायला निघालेली, डॉक्टरांनी थांबवलं.) हात जोरात थरथरले, तोल गेला तर लगेच दवाखाना गाठायचा.

आता मामी कॅलेंडरवर त्याची झोप लिहिते, दोन रात्री कमी झाली की थेट डॉक्टरांना फोन.