शब्दचर्चा : ‘मूल्यमापन’ म्हटलं की मार्क आठवतात, मग काय म्हणावं?

वडगावची ताई
नमस्कार मंडळी. मी बेळगावात लहान मुलांच्या एका केंद्रात काम करते. शिकण्यात अडणारी, उशिरा बोलायला लागलेली, एका जागी न ठरणारी मुलं आमच्याकडे येतात. पालकांच्या हातात द्यायला एक पानी मराठी पत्रक करायचं आहे. बेंगळुरूहून कन्नड आलंय, दिल्लीहून हिंदी आलंय. मराठीचं आपणच बघायचं.

पहिल्याच ओळीत गाडी अडली : ‘न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट’. यात मानसशास्त्रज्ञ मुलाबरोबर दोन-तीन वेळा बसतात. अंक ऐकवून उलट्या क्रमानं म्हणायला लावतात, ठोकळे जुळवायला देतात, गोष्ट सांगून थोड्या वेळानं परत विचारतात. लक्ष, स्मरण, भाषा, हात-डोळ्यांचा मेळ, कामाची आखणी, यातलं कुठलं पक्कं आणि कुठलं कच्चं ते त्यातून दिसतं. पास-नापास काही नसतं.

जुन्या मसुद्यात कुणीतरी ‘मज्जामानसशास्त्रीय मूल्यमापन’ लिहून ठेवलंय. मोठ्यानं वाचून बघा एकदा.

खानापूरकर (निवृत्त मास्तर)
ताई, ‘मूल्यमापन’ शुद्ध आहे, रूढ आहे. शाळेत ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आम्ही वर्षानुवर्षं केलं. पालकांना कळत नसेल तर समजावून सांगायचं, शब्द कशाला बदलायचा?
‘मज्जा’ मात्र खटकते. मज्जातंतू, मज्जारज्जू हे शब्द आहेतच, पण सुट्टी ‘मज्जा’ म्हणजे हाडातला मगज. आणि पोरांना विचाराल तर गंमत. त्यापेक्षा शालेय पुस्तकातला ‘चेता’ घ्या. चेतासंस्था, चेतापेशी मुलांच्या ओळखीचे आहेत.

वडगावची ताई
सर, समजावून सांगतेच, पण आपल्या भागात त्या शब्दाला वेगळाच वास आहे. कन्नडमध्ये ‘मौल्यमापन’ म्हणजे एसएसएलसीचे, म्हणजे दहावीचे, पेपर तपासणं. मास्तर मंडळी ‘मौल्यमापनाला’ जातात, पेपरात तशी बातमी येते. मागच्या महिन्यात येळ्ळूरकडच्या एका आईला मी म्हटलं, मूल्यमापन झालं. तिनं पदर सावरला, खुर्चीवर पुढं सरकली आणि विचारलं, “किती पडले?” मी म्हटलं, मार्क नसतात यात. ती म्हणाली, “म्हणजे शून्य?”

‘चेता’चीही तीच गत होईल. आपल्या कर्नाटकाच्या सरकारी कागदावर दिव्यांगांना ‘विकलचेतन’ म्हणतात. त्याच्या शेजारी ‘चेतामानसशास्त्र’ छापलं की माणूस दोन्ही जोडून वाचणार आणि पोराच्या शिराच विकल झाल्या असं समजणार.

निपाणीवाला
हिंदी पत्रकावरून तर अजिबात करू नका. त्यात ‘विशेष शिक्षा’ असतं. आमच्या पोरानं वाचलं आणि केंद्राच्या पायरीवरच बसून राहिला.

कॅम्पातली
😂 हिंदीतलं ‘आकलन’ पण तसलंच. तिकडे असेसमेंटला आकलन म्हणतात, आपल्याकडे आकलन म्हणजे समजणं. ‘आपके बच्चे का आकलन’ वाचून मला वाटलं पोराला काय काय समजतं याची यादी असेल.

धारवाडात शिकलेला
थोडा इतिहास, कारण तो आपल्याच मातीतला आहे. बिने-कामत ही बुद्धिमत्तेची चाचणी अजूनही वापरात आहे. व्ही. व्ही. कामतांनी स्टॅनफर्ड-बिने या अमेरिकन चाचणीचं हे रूपांतर केलं ते मुंबई-कर्नाटकातल्या मुलांसाठी, मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत. बेळगाव-धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. म्हणजे भाषांवरून भांडणं पेटायच्या आधी एका माणसानं बसून दोन्हीकडच्या पोरांना एकच कोडं घातलं होतं. नागपूरच्या मालिन यांची चाचणी त्यानंतरची, 1969 ची.

पण बिनेच्या चाचण्यांतूनच ‘मानसिक वय’ हा शब्द आला, आणि तो मला ‘मूल्यमापना’पेक्षा जास्त घातक वाटतो. मानसिक वयाला खऱ्या वयानं भागून 100 नं गुणायचं की बुद्ध्यांक. हिशेब म्हणून ठीक. पण दहा वर्षांच्या मुलाच्या बापाला ‘मानसिक वय सहा’ एवढंच ऐकू येतं. मग तो पोराला सहा वर्षांच्या मुलाशी बोलावं तसं बोलायला लागतो. पत्रकात हा शब्द नकोच.

निपाणीवाला
आता पालक म्हणून लिहितो. माझ्या मुलीला शाळेत ‘गणितात मंद’ म्हणत. त्रेपन्न सांगितलं की ३५ लिहायची. चाचणी घेणाऱ्या बाई हुशार. त्यांनी तेच आकडे कन्नडमध्ये विचारले. ‘ऐवत्तमूरु’ म्हटल्यावर बरोबर ५३. कन्नडमध्ये आधी पन्नास, मग तीन. मराठीत तीन आधी, पन्नास मागून. आणि एकोणसाठ म्हणजे तर साठाचं नाव घेऊन लिहायचे ५९. बाई म्हणाल्या, इथं निम्मी अडचण भाषेची आहे, मुलीची नाही.

लिपीचंही तसंच. मराठीत ‘कि’ची वेलांटी आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर. कन्नडमध्ये ती डोक्यावर बसते आणि जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लोंबतो, ओत्तक्षर म्हणून. वर इंग्रजी. तीन लिप्या एकदम. कुठल्या भाषेत तपासलं हे अहवालात लिहायलाच हवं, आणि तुमच्या पत्रकातही एक ओळ हवी : ‘घरात कुठली भाषा बोलता ते आधी सांगा.’ पुस्तकी मराठीत “तू काय करत आहेस?” विचारल्यावर माझी पोरगी गप्प बसली होती. “काय करूलास?” म्हटलं असतं तर बोलली असती.

अडचण निम्मी म्हणालो, कारण उरलेली निम्मी खरीच होती. उलटे अंक तिला तीनच्या पुढं जमेनात.

खानापूरकर (निवृत्त मास्तर)
हे मी 34 वर्षांत कधी करून बघितलं नाही. त्रेपन्नाला ३५ लिहिणाऱ्यांना पाढे लिहायला लावले. असो.
‘अध्ययन अक्षमता’चं काय करणार? तोही काढणार?

वडगावची ताई
तो काढता येत नाही, सर. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आहे. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आठ वर्षं पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळायचं, 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासायचे. बुद्ध्यांक 85 च्या वर आहे का ते आधी बघायचे आणि मग बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी घ्यायचे. परीक्षेतला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर हाच शब्द कागदावर लागतो. म्हणून तो चौकटीत ठेवणार : ‘अर्जावर असं लिहिलेलं असेल.’ वरच्या मजकुरात मात्र ‘वाचायला-लिहायला अडतं’.

‘सपोर्ट’साठी ‘आधार’ लिहिला होता. दोन पालकांना दाखवला. एकानं लगेच पाकीट काढून कार्ड पुढं केलं. आता ‘हातभार’ केलंय.

कॅम्पातली
आणि डायग्नोसिस?

वडगावची ताई
‘निदान’. पण ‘निदान नक्की झालं नाही’ असं वाक्य वाचून एक काका म्हणाले, निदान काय तरी झालं असेल की!

धारवाडात शिकलेला
मूळ प्रश्न राहिला. मूल्यमापन नाही, मग तपासणी?

वडगावची ताई
काल तेच घेऊन नंदगडच्या एका आजींसमोर बसले. नातवाला घेऊन आल्या होत्या. ‘तपासणी’ म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “ती साहेबाची असती. शाळा सारवून ठेवायची.” ‘चाचणी’ त्यांना परीक्षेसारखी वाटली. मग मी शब्द सोडला आणि आत काय करतात ते सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे अढीतले आंबे चाचपतात तसं. कुठला झालाय, कुठल्याला अजून चार दिवस गवत पाहिजे.”

चाचपणी. वर्तमानपत्रवाल्यांनी तो उमेदवारांसाठी वापरून गुळगुळीत केलाय, पण आजींच्या तोंडी त्याला अजून हात आहेत. शीर्षक असं केलंय : ‘मुलाचं कशात जमतं, कशात अडतं : चाचपणी आणि हातभार’. खाली बारीक अक्षरात लांबलचक इंग्रजी नाव देवनागरीत, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी जुळवता येईल.

खानापूरकर (निवृत्त मास्तर)
‘चाचपणी’ त्या अर्थानं मी कधी वाचला नाही.
पण चालेल. ठोकळ्यांवर मुलाचे हातच असतात ना. पाठीमागच्या कन्नड बाजूला काय टाकताय?

वडगावची ताई
तिथं अजून ‘मौल्यमापन’च आहे, सर. कन्नड आंब्यांना काय करतात ते कुणाला माहीत असेल तर सांगा.