प्रतिसाद: १०२वी आणि १०५वी घटनादुरुस्ती

'घटनादुरुस्ती झाली की राज्यांचे अधिकार कमीच होतात' असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. १९७६च्या ४२व्या दुरुस्तीबद्दल ते अगदी खरं. शिक्षण, वने, वजनमापे हे विषय तेव्हा राज्यसूचीतून (राज्यांनी कायदे करायचे विषय) समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्यं दोघांनी कायदे करायचे विषय) गेले. पण गेलेला अधिकार परत मिळाल्याचं उदाहरणही आहे, आणि तेही आपल्याच राज्याशी जोडलेलं.

२०१८च्या १०२व्या दुरुस्तीने कलम ३४२अ आलं. मागास वर्गांची यादी राष्ट्रपती अधिसूचित करतील, असं त्यात होतं. राज्यांचा स्वतःची यादी करण्याचा अधिकार काढून घेण्याचा हेतू नाही, असं खुद्द केंद्र सरकार न्यायालयात सांगत होतं. तरी ५ मे २०२१च्या मराठा आरक्षण निकालात पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी कलमाचे शब्दच प्रमाण मानले आणि राज्यांचा हा अधिकार संपला! (आरक्षण ५० टक्क्यांच्या मर्यादेवरही अडलं, तो मुद्दा वेगळा.) त्याच ऑगस्टमध्ये १०५वी दुरुस्ती झाली आणि राज्यांना स्वतःची यादी करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत मिळाला.

मला खरी काळजी जीएसटीची वाटते. कलम २७९अ नुसार जीएसटी परिषदेत (या कराबाबत शिफारशी करणाऱ्या केंद्र-राज्यांच्या मंडळात) केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे झाडून सगळी राज्यं एकत्र आली तरी केंद्राच्या विरोधात ठराव मंजूर होत नाही. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये सांगितलं खरं, पण मतांचं हे गणित अजून तसंच आहे.