मिनी ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरचे गंजलेले बोल्ट निघत नाहीत

खाचरवाला, मुळशी
१८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे. भाताच्या चिखलणीनंतर रोटाव्हेटर न धुता उभा राहिला. आता पाती बदलायची तर एम १२ चे (१२ मिमी जाडीचे) बोल्ट जाम. शिवाय बाजूच्या चेनकेसच्या (साखळीच्या पेटीच्या) झाकणाचे एम १० चे बोल्ट थेट बीडात, म्हणजे ओतीव लोखंडात आवळलेले आहेत. त्यातल्या एकाचं डोकं गोल झालंय, १७ चा रिंग पाना घसरतो. पान्याला पाईप लावून जोर द्यावा का?

पाना_सतरा
बीडातल्या बोल्टला पाईप अजिबात नको. तुटला की कामाचा दिवस गेला.

पात्याच्या बोल्टांवर वेळ घालवू नका. मागे नट आहे, तो ४ इंची ग्राइंडरला पातळ कटिंग डिस्क लावून एका बाजूनं उभा चिरा आणि चिरेत छिन्नीचा एक ठोका द्या. डोळ्यांना चष्मा हवाच. नवे बोल्ट ८.८ ग्रेडचेच घ्या, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतील. साधे मऊ बोल्ट दगड लागला की ताणले जातात आणि पातं खुळखुळायला लागतं.

झाकणाच्या बोल्टांना मात्र सबुरी. तारेच्या ब्रशनं माती काढा. गिअर ऑइल जाड, ते आट्यांत शिरत नाही. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल) आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं, दर वेळी हलवून, थेंब-थेंब सोडा. रात्रभरात तीन-चार वेळा. सकाळी डोक्यावर हातोडीचे सरळ ठोके द्या, म्हणजे गंजाची पकड फुटते. मग सहा कोनी गोटी (सॉकेट) लावा. बारा कोनी गोटी फक्त टोकांवर धरते, डोकी गोल होतात ती त्यामुळेच. आधी किंचित आवळा, मग सोडा. थोडा फिरला की परत आत, परत बाहेर. बोल्ट सुटत नाही पण पाना मऊ लागतोय, असं झालं तर थांबा. तो पिळला जातोय, पुढची पायरी तुटणं.

बीडवेल्डर
तेलाचं बरोबर, पण भोक आरपार नसेल तर तेल तळापर्यंत जातच नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आट्यांत फट उरत नाही. तिथे उष्णताच लागते. बोल्ट नाही, भोवतालचं बीड तापवा, ज्योत गोल फिरवत. एकाच जागी धरली किंवा वरून पाणी ओतलं तर बीड तडकतं. तापल्यावर बोल्टाच्या कडेला मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत ओढलं जातं.

गोल डोक्यावर एम १२ चा नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्डिंग भरा. थोडं निवलं की १९ च्या पान्यानं फिरवा. बहुतेक वेळा वेल्डिंगच्या उष्णतेनंच बोल्ट सैल झालेला असतो.

खाचरवाला, मुळशी
अॅसिटोन लावल्यावर लगेच ज्योत चालेल का? आत तेलही आहे.

बीडवेल्डर
नाही, भडका उडेल. आधी पुसून पूर्ण वाळू द्या, तेल काढा. ऑइल सील जवळ असेल तर नवं आणूनच ठेवा, ते जळणारच. रोटाव्हेटर ट्रॅक्टरपासून सोडवा आणि अर्थिंगचा चिमटा त्याच झाकणाला लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यावर खड्डे पडतात.

पाना_सतरा
आणि तुटलाच तर ईझी-आउट (तुटका बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा कडक खिळा) घुसवू नका. तो आत मोडला तर साध्या ड्रिलनं कापला जात नाही, मग भोसरीत स्पार्क इरोजनवाला (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढणारा) गाठावा लागतो. बरोबर मध्यभागी पंच मारा, ५ मिमीचं भोक पाडा, वाढवत ८.५ पर्यंत न्या, त्यापुढे नको. मग एम १० × १.५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. लाल झालेला बोल्ट परत लावू नका, त्याचं पाणी (कडकपणा) उतरलेलं असतं. नव्याच्या आट्यांना कॉपर ग्रीस लावा आणि कोरड्यापेक्षा पाव हिस्सा कमी आवळा, नाहीतर बीडातले आटेच बाहेर येतील.