मदत हवी आहे: मेलमधला 'गेट' कुठे काय होतो?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब आणि मेल बघतो. शिक्षण सगळं मराठी माध्यमात. इंग्रजी वाचता येतं, पण शब्दाला शब्द लावत जातो आणि तिथेच फसतो.

गेल्या आठवड्यात बाहेरच्या ग्राहकाचा मेल आला. नमुन्याचे टॉवेल पोहोचले होते. खाली एक ओळ: 'वी विल गेट बॅक टू यू ऑन द जीएसएम.' गेट म्हणजे मिळणे, बॅक म्हणजे परत. वजनावरून माल परत येतोय, असं मी मालकांना सांगून मोकळा झालो. जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम ते. ४५० ठरलेला टॉवेल ४२० भरला की बोलणी खावीच लागतात. मालकांनी तडक मास्टरला बोलावलं, तुकडा कापून काट्यावर ठेवला. वजन बरोबर! शेवटी त्यांच्या मुलीने मेल वाचला. "पप्पा, नंतर कळवतो म्हणालेत फक्त." मालक माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "काय बे." सोलापूरकरांना पुढचं सांगायला नको.

तेव्हापासून अशी वाक्यं वहीत उतरवतोय. 'आय डोन्ट गेट द सेकंड पॉइंट.' 'प्लीज गेट द लेबल्स चेंज्ड.' 'इट इज गेटिंग लेट.' 'वी हॅव गॉट टू शिप बाय फ्रायडे.' 'हॅव यू गॉटन द आर्टवर्क?' डिक्शनरीत या एका शब्दाला पानंच्या पानं आहेत. सगळं पाठ करायचं का?

कडक भाकरी:
पाठ करू नका ओ. कुणा परक्या माणसाला आपलं 'लागणे' शिकवून बघा. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, शेंगाचटणी गोड लागते. स्टँडवर गाडी लागते आणि घाटात माणसाला गाडी लागते. आपण यातलं काय पाठ केलं होतं? शेजारचा शब्द बघून कळतं. गेटचंही तसंच, पुढे काय आलंय ते बघायचं.

पुढे वस्तू असेल तर मिळणे किंवा आणणे. ठिकाण असेल तर पोहोचणे. 'लेट', 'वेट', 'टायर्ड' असं काही आलं तर होणे. पण मराठीत तिथे बहुतेक वेळा सरळ क्रियापदच असतं: भिजणे, दमणे. मुद्दा असेल तर कळणे.

तुमचं लेबलचं वाक्य मात्र नीट बघा. आधी वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप, म्हणजे करून घेणे. लेबलं बदलून घ्या. कोण बदलतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. तिथे माणूस आला तर मध्ये 'टू' येतो: 'गेट हिम टू साइन', त्याला सही करायला लावा. आणि 'हॅव गॉट टू' म्हणजे शुक्रवारपर्यंत माल पाठवावाच लागेल. बघा, आलंच परत लागणे.

जुना प्रूफरीडर:
'गॉटन' लिहिणारा ग्राहक बहुधा अमेरिकेचा. त्यांच्याकडे 'हॅव गॉटन' म्हणजे हाती आलं आणि 'हॅव गॉट' म्हणजे जवळ आहे. ब्रिटिश दोन्हीकडे 'गॉट'च वापरतात. तुम्ही आपलं 'रिसीव्ह्ड' लिहा, कुणाशी वाद नको.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, हा शब्द इंग्रजीत नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या भाषेतून आला. जुन्या इंग्रजीत त्याचं भावंड होतं, पण सुटं नाही, जोडशब्दात. 'फरगेट' त्यातलाच.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. 'लागणे' वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. आज सकाळीच त्यांचा मेल आलाय: 'गॉट इट, थँक्स.' मालक विचारतायत, माल मिळाला की म्हणणं कळलं?

कडक भाकरी:
तुम्ही मेलमध्ये काय लिहिलं होतं?

धागाकर्ता:
वर नवीन भाव, खाली पार्सलचा कुरिअर नंबर.

कडक भाकरी:
मग विचारून घ्या की ओ.