झिंक प्लेटिंगच्या कारखान्यासाठी आयएसओ १४००१: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: आमच्या चाकण येथील झिंक प्लेटिंगच्या कारखान्याकडे ग्राहक कंपनीने आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणपत्राची मागणी केली आहे. एका सल्लागाराने तयार नियमपुस्तिका देऊ केली आहे; ती घ्यावी काय?

प्रतिसाद १: माझ्या मते घेऊ नये. या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतील कलम ६.१.२ प्रमाणे आपल्याच प्रक्रियेचे पर्यावरणीय पैलू, म्हणजे पर्यावरणावर परिणाम करू शकणाऱ्या बाबी, शोधावे लागतात. त्यात क्रोमियमयुक्त पाणी, आम्लाची वाफ आणि सांडपाणी प्रक्रियेतील गाळ यांबरोबरच टाकी गळणे किंवा ऐनवेळी वीज जाणे अशा प्रसंगांचाही विचार करावा लागतो, आणि हे उसन्या पुस्तिकेत सापडणार नाही.

प्रतिसाद २: त्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र (कारखाना चालवण्याची परवानगी) काढून त्यातील प्रत्येक अट प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहावी. हा गाळ घातक कचऱ्यात मोडतो आणि २०१६ च्या नियमांनुसार तो सामान्यतः ९० दिवसांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाही. नोंदवहीतील तारखा बहुधा येथेच चुकतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. प्रमाणपत्र हे मानक काढणाऱ्या आयएसओ या संस्थेकडूनच मिळते काय?

प्रतिसाद १: नाही. ते स्वतंत्र प्रमाणन संस्था देते. तिला एनएबीसीबीसारख्या (प्रमाणन संस्थांना मान्यता देणारे भारतातील मंडळ) मंडळाची अधिस्वीकृती आहे काय, हे आधी तपासावे. अंतर्गत लेखापरीक्षण (कारखान्याने स्वतः केलेली व्यवस्थेची तपासणी) व व्यवस्थापन आढावा (वरिष्ठांनी घेतलेला आढावा) झाल्यावरच तिला बोलवावे. प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते आणि मधल्या काळात दरवर्षी तपासणी होते.